मागच्या बाकावरची मुले आणि त्यांच्या कादंबऱ्या

माझा भाचा पाचवीत शिकतो. भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तो शाळेतून आला आणि दप्तर पाठीवरून न काढताच ओट्यावर बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "मामू, मैं पाकिस्तान का है क्या?" वर्गातल्या दोन मुलांनी दिवसभर त्याला त्याच नावाने हाक मारली होती. बाकीची मुले हसली होती. सरांनी ऐकले होते, पण "गप्प बसा रे" यापलीकडे ते काही बोलले नव्हते. स्वयंपाकघरातून माझ्या बहिणीने उत्तर दिले, "बच्चे चिडाते रहते बेटा, ध्यान नक्को दे."

ती चुकीचे बोलली असे मी म्हणणार नाही. तिच्या आईने तिला हेच सांगितले होते. पण 'चिडवणे' हा शब्द मला त्या दिवशी फार अपुरा वाटला. उंचीवरून चिडवतात, चष्म्यावरून चिडवतात, नापास झाल्यावरून चिडवतात, आणि बापजाद्यांच्या गावावरून हुसकून लावणाऱ्या शब्दालाही आपण चिडवणेच म्हणतो. एकदा 'चिडवणे' म्हटले की पोराने ते विसरायचे असते आणि मोठ्यांनी हसून सोडायचे असते. नाझिया इरम यांनी अनेक शहरांतल्या मुस्लिम मातांशी बोलून 'मदरिंग अ मुस्लिम' हे पुस्तक लिहिले. ते २०१८ च्या सुरुवातीला आले. चांगल्या, महागड्या शाळांतल्या मुलांनाही हे शब्द ऐकावे लागतात, हे त्यातून उघड झाले. पण ते पुस्तक आईबापांसाठी आहे. माझ्यापुढचा प्रश्न वेगळा होता. दहा वर्षांच्या या मुलाच्या हातात मी काय द्यावे?

मी कपाट उघडले. 'श्यामची आई' होती, फास्टर फेणे होता, पैगंबरांच्या गोष्टींचे पुस्तक होते, प्रेमचंदांची 'ईदगाह' असलेला एक संग्रह होता. ही सगळी पुस्तके मला प्रिय आहेत. 'ईदगाह'मधला हमीद तर आपल्या घरातलाच. तीन पैसे घेऊन जत्रेला जातो, मित्र खेळणी आणि मिठाई घेऊन त्याला खिजवतात आणि तो आजीसाठी चिमटा घेऊन येतो. पण तिथली सगळी मुले ईदगाहला निघालेली आहेत. हमीद गरीब आहे, परका नाही. 'श्यामची आई' १९३५ ची. श्यामची आई त्याला अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलून द्यायला पाठवते आणि नंतर आंघोळही करायला सांगते. त्या काळाच्या मानाने ते धाडस मोठेच होते. आजच्या मुलाला मात्र आपण त्या आंघोळीबद्दलही विचारायला शिकवले पाहिजे. म्हातारीला त्या आंघोळीचे काय वाटले असेल, हे पुस्तकात येत नाही. फास्टर फेणे चोर पकडतो आणि सायकलवरून पळतो. त्याच्यासारखे व्हावेसे मुलांना वाटते. पण भाच्याला त्या दिवशी जे हवे होते ते फेणेकडे नव्हते.

म्हणून मी बाहेरच्या भाषांतली काही पुस्तके नव्याने वाचून काढली. त्यांतल्या सहा पुस्तकांबद्दल इथे लिहितो. या वार्षिकाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत आणि आईबाप तर सगळेच आहेत, म्हणून शिफारस करताना कोणते पुस्तक का द्यावे आणि कुठे सावध राहावे, हेही सांगतो.

पहिले पुस्तक एलेनॉर एस्टिस या अमेरिकन लेखिकेचे, 'द हंड्रेड ड्रेसेस', १९४४ चे. जेमतेम ऐंशी पानांचे. अनेकांना ते ओळखीचे वाटेल, कारण एनसीईआरटीच्या दहावीच्या 'फर्स्ट फ्लाइट' या इंग्रजी पुस्तकात त्याचे दोन धडे अनेक वर्षे होते. वांडा पेट्रोन्स्की ही पोलिश घरातली मुलगी. रोज एकच विटका निळा झगा घालून येते. तिच्या आडनावाला वर्ग हसतो. एकदा ती सांगते की माझ्या घरी कपाटात शंभर झगे आहेत. तेव्हापासून पेगी नावाची मुलगी रोज तिला झग्यांबद्दल विचारते आणि सगळ्या हसतात. पेगी दुष्ट नाही, असे लेखिका आपल्याला आधीच पटवते. दुष्ट नसलेल्या मुली हे करतात, हीच तर गोष्टीची खरी धार आहे.

कथा वांडाच्या बाजूने सांगितलेली नाही. ती सांगितली आहे पेगीच्या मैत्रिणीच्या, मॅडीच्या बाजूने. मॅडी स्वतः गरीब आहे, दुसऱ्यांचे जुने झगे घालते. वांडानंतर आपली पाळी येईल या भीतीने ती गप्प राहते. पुढे वांडाचे कुटुंब गाव सोडून जाते. तिच्या बापाची चिठ्ठी वर्गात वाचली जाते की मोठ्या शहरात आमच्या नावावर कोणी हसणार नाही. ते शंभर झगे कागदावर काढलेली चित्रे होती, हेही तेव्हाच कळते. मॅडीला माफी मागायची आहे, पण माफी घ्यायला वांडा समोर नाही. एस्टिस यांनी इथे मुलांना सोपा शेवट दिला नाही. वांडा क्षमा करते असे वाटते, पण मॅडीच्या मनातली टोचणी पुस्तक संपल्यावरही राहते. माझ्या मते या विषयावरचे हे सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे. त्रास देणारा आणि त्रास सोसणारा या दोघांच्या मधे उभा राहून गप्प बसणाऱ्या मुलीला ते मुख्य पात्र करते. प्रत्येक वर्गात अशीच मुले सर्वांत जास्त असतात.

दुसरे पुस्तक मराठीत मिळते. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान', मूळ जपानीत १९८१ साली आलेले. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. ही कादंबरी नव्हे, लेखिकेच्या बालपणाच्या आठवणी आहेत, पण मुले ती कादंबरीसारखीच वाचतात. रेल्वेच्या डब्यांतली शाळा म्हणून सगळ्यांना हे पुस्तक आठवते. मला त्यातली दोन लहान प्रकरणे महत्त्वाची वाटतात.

एका प्रकरणात रस्त्यात भेटणारा मासाओचान नावाचा कोरियन मुलगा तोत्तोचानकडे पाहून "कोरियन!" असे द्वेषाने ओरडतो. ती तर जपानी. घरी येऊन ती आईला सांगते. आईचे डोळे भरून येतात. लोक त्या मुलालाच हा शब्द फेकून मारत आले आहेत, म्हणून त्याला तो शिवीचा शब्द वाटतो आहे, हे आई ओळखते. त्या वेळी कोरिया जपानच्या ताब्यात होता. आपल्याच लोकांचे नाव शिवी म्हणून शिकलेले ते मूल वाचताना मला माझा भाचा आठवला. 'मुसलमान' हा शब्द कोणत्या सुरात उच्चारला जातो ते आपली मुले फार लवकर ओळखू लागतात.

दुसऱ्या प्रकरणात वर्गशिक्षिका बोलता बोलता ताकाहाशी या खुरट्या वाढीच्या मुलाला गमतीने विचारतात की तुला शेपूट आहे का. नंतर मुख्याध्यापक कोबायाशी त्या शिक्षिकेला बाजूला घेऊन, मुलांसमोर नव्हे, कडक शब्दांत जाब विचारतात. बाईंचा हेतू वाईट नव्हता, पण तेवढ्याने सुटका होत नाही, हे त्यांनी तिला समजावले. हे प्रकरण मुलांपेक्षा शिक्षकांनी वाचावे. वर्गातल्या मुलांचे बोलणे बहुधा मोठ्यांच्या विनोदातूनच उचललेले असते.

तिसरी कादंबरी मिल्ड्रेड टेलर यांची, 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय', १९७६ ची. तिला पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक मिळाले. काळ १९३३ चा, जागा अमेरिकेतील मिसिसिपी राज्य, सांगणारी नऊ वर्षांची कॅसी लोगन. शाळेच्या पहिल्याच दिवशी मुलांना पुस्तके वाटली जातात. गोऱ्या मुलांच्या शाळेत वर्षानुवर्षे वापरून फाटलेली ती पुस्तके असतात. कॅसीचा नीटनेटका धाकटा भाऊ पुस्तकाच्या आतला तक्ता पाहतो आणि ते पुस्तक घ्यायला नकार देतो. पुस्तक नवे होते तेव्हा कोणाला दिले आणि अगदी खराब झाल्यावर कोणाला दिले, हे त्या तक्त्यात वंशासकट नोंदलेले आहे. मुलांची आई त्याच शाळेत शिक्षिका आहे. ती त्या तक्त्यांवर कागद चिकटवून टाकते. पूर्वग्रह म्हणजे कोणाच्या तरी मनातला राग असे आपण मुलांना सांगतो. तो नोंदवहीत, वाटपात, बसच्या रस्त्यात कसा बसलेला असतो, हे टेलर एका तक्त्यातून दाखवतात. पुस्तकात हिंसा आहे आणि ती खरी वाटेल अशी आहे. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला ते एकट्याने वाचायला देऊ नये. मोठ्यांनी सोबत वाचावे.

आता मुस्लिम मुलांच्या कादंबऱ्या. अमेरिकेत सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने २०१६ मध्ये 'सलाम रीड्स' नावाची मुस्लिम मुलांच्या गोष्टींची शाखा सुरू केली. तिच्या पहिल्या पुस्तकांपैकी एक म्हणजे हेना खान यांची 'अमीनाज् व्हॉइस', २०१७ ची. अमीना खोकर मिलवॉकीजवळ राहते. आवाज गोड, पण लोकांसमोर गायला घाबरते. तिची जिवलग मैत्रीण सूजिन कोरियन आहे. नागरिकत्व मिळताना आपले नाव बदलून अमेरिकन करावे का, असा विचार सूजिन करते आणि अमीनाला ते आवडत नाही. सूजिन पूर्वी दोघींना त्रास देणाऱ्या एमिलीशी मैत्री करते, तेव्हा अमीनाला मत्सर वाटतो आणि तिच्या तोंडून एमिलीचे गुपित फुटते. पुढे मशिदीची मोडतोड होते आणि इतर धर्मांचे शेजारी मदतीला धावून येतात.

हे पुस्तक मी आपल्या घरांसाठी सर्वांत आधी सुचवतो, पण मशिदीच्या घटनेसाठी नाही. तो भाग काहीसा अपेक्षित वाटतो. मला मोल वाटते ते अमीनाच्या चुकीचे. मुस्लिम मुलगी नायिका आहे आणि तरीही ती मैत्रिणीशी चुकते. आपल्याबद्दल लिहिताना आपले लेखक अनेकदा आपल्या पात्रांना निष्पाप ठेवतात, कारण बाहेर आरोप करणारे पुष्कळ आहेत. हेना खान यांनी ती भीती बाजूला ठेवली. दुसरी गोष्ट म्हणजे पाकिस्तानहून आलेले तायाजान. अमीनाचे गाणे इस्लामला धरून नाही असे ते म्हणतात आणि तिच्या कानावर ते पडते. घरातल्या प्रेमळ वडीलधाऱ्याचे मत मुलीला बाहेरच्या टोमण्याइतकेच दुखवू शकते, हे लेखिकेने त्या काकांना खलनायक न करता दाखवले आहे.

ब्रिटनमध्ये ओंजली राउफ यांची 'द बॉय ॲट द बॅक ऑफ द क्लास' २०१८ मध्ये आली आणि २०१९ मध्ये तिला ब्लू पीटर व वॉटरस्टोन्स हे दोन्ही पुरस्कार मिळाले. सीरियातून आलेला अहमद लंडनच्या एका वर्गात मागच्या बाकावर बसतो. चार मुले त्याच्याशी मैत्री करतात. वर्गात ब्रेंडन नावाचा दादा आहे आणि त्याला आतून पाठबळ देणारा शिक्षकही आहे. मुलांना हे पुस्तक भराभर वाचावेसे वाटते, त्यात विनोद आहे. तरी माझी एक तक्रार आहे. अहमद बराच काळ बाहेरूनच दिसतो. त्याच्यासाठी धडपडणारी मुले नायक होतात आणि थेट राणीपर्यंत पोहोचतात. शेवट फार गोड आहे. ज्याच्यावर उपकार होतात त्यालाही राग येतो, त्यालाही कधी एकटे राहायचे असते, हे पुस्तकात आणखी यायला हवे होते. दयेतून झालेली मैत्री कुठवर जाते, हा प्रश्न पुस्तक संपल्यावर मुलांना जरूर विचारावा.

सहावे पुस्तक वीरा हिरानंदानी यांचे, 'द नाइट डायरी', २०१८ चे. १९४७ चे सिंध, मीरपूर खास. निशा बारा वर्षांची. वडील हिंदू डॉक्टर, आई मुसलमान, पण ती निशाच्या जन्माच्या वेळीच वारलेली. स्वयंपाकी काझी तिला एक वही देतो आणि निशा त्या वहीत मेलेल्या आईला पत्रे लिहिते. ती कोणाशी फारसे बोलत नाही, जुळा भाऊ अमील अभ्यासात मागे पडतो म्हणून बोलणी खातो. गावातली मुले दोघांचा पाठलाग करतात. फाळणी होते आणि त्यांना काझीला मागे ठेवून जोधपूरकडे निघावे लागते. वाटेत आसरा देतो तो आईचा भाऊ, रशीद मामा.

हे पुस्तक मुद्दाम शेवटी घेतले. आधीच्या दोन पुस्तकांत आपली मुले आपोआप त्रास सोसणाऱ्याच्या बाजूला बसतात, कारण तिथे मूल मुसलमान आहे. सिंधमध्ये मात्र बहुसंख्य आपण आहोत. दगड मारणाऱ्या मुलांची नावे आपल्यासारखी आहेत, आणि त्याच गावात काझीचेही नाव आपल्यासारखे आहे. त्यांपैकी मी कोण झालो असतो, हा प्रश्न मुलाच्या मनात येतो. असा प्रश्न पाडणारे पुस्तक मुलाला मोठे करते. नुसती कीव करायला शिकवणाऱ्या पुस्तकाने ते होत नाही.

आपल्याकडे काही घरांत अजून असे मानतात की कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात. त्यांना मी डेप्युटी नझीर अहमद यांची आठवण देतो. १८६९ साली त्यांची 'मिरातुल उरूस' आली. उर्दूतली ती पहिली कादंबरी मानली जाते आणि ती त्यांनी आपल्या मुलींना वाचायला म्हणून लिहिली होती. म्हणजे आपल्याकडे कादंबरी जन्माला आली तीच घरातल्या मुलींसाठी. त्याच नझीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह'मध्ये धर्मनिष्ठ झालेला बाप मुलाची पुस्तके जाळतो. पण तो मुलगा त्यामुळे सुधारत नाही. तो घर सोडतो आणि अखेर जीव गमावून बसतो. लेखकाची बाजू बापाकडे झुकलेली असली, तरी वाचणाऱ्याच्या मनातून ती जळणारी पुस्तके जात नाहीत.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण कवितेतून, कथेतून, वैचारिक लेखनातून आपल्या ओळखीचा प्रश्न मांडत आलो आहोत. मुलांची कादंबरी मात्र या सगळ्यात मागच्या बाकावर बसून राहिली. वर ज्या पुस्तकांची नावे घेतली त्यांतली एकच मराठीत आहे, आणि तिच्यातही मराठी बोलणारे मूल नाही. घरात दखनी आणि शाळेत मराठी बोलणारा, शिवजयंतीला लेझीम खेळणारा, डब्यात काय आहे या प्रश्नाला बिचकणारा मुलगा अजून कादंबरीचा नायक व्हायचा आहे. तो नायक करताना त्याला पवित्र बाळ करू नये, एवढीच माझी विनंती आहे. त्याला अमीनासारखे चुकू द्यावे, मॅडीसारखे घाबरू द्यावे.

तोवर काय करावे? तोत्तोचान विकत घेता येते, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ते वाचून दाखवावे. 'द हंड्रेड ड्रेसेस' लहान आहे, इंग्रजी सोपे आहे, पाचवी-सहावीच्या मुलांना आपल्या भाषेत सांगता येते. 'अमीनाज् व्हॉइस' आणि राउफ यांचे पुस्तक सातवीच्या आसपास, 'द नाइट डायरी' आणि टेलर यांची कादंबरी त्यानंतर. आपल्यातल्या अनुवादकांनी यांतले एक जरी मराठीत आणले तरी मोठे काम होईल. माझे मत विचाराल तर पहिले 'द हंड्रेड ड्रेसेस' आणावे.

भाच्याला मी तेच सांगितले, तीन रात्री, दखनीत. वांडाचा भाग त्याने लगेच आपलासा केला. दुसऱ्या रात्री मॅडी आली तेव्हा तो थोडा गप्प झाला. तिसऱ्या रात्री त्याने भलताच प्रश्न विचारला. आमच्या मोहल्ल्यात फकीर समाजातले एक घर आहे. त्या घरातला मुलगा मैदानावर आला की आमची मोमीन-बागवानांची मुले त्याला "ए फकिर्‍या, कटोरा लाया क्या?" असे म्हणतात. भाचाही म्हणत असे, मला ते ठाऊक होते. मीही कधी हटकले नव्हते. मुले चिडवतातच, असेच मलाही वाटत आले होते.

"मामू," तो म्हणाला, "उस फकिर्‍या का नाम क्या है?"

त्या घरासमोरून मी वीस वर्षे मशिदीत जातो. त्या मुलाच्या बापाला सलाम करतो. पण मुलाचे नाव मला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे ते विचारायला गेलो.